फसवणूक नाही, पण चित्राचा कागद बघून घ्या

एका दिवसाच्या कार्यशाळेत बाहेर बसवून निसर्गचित्र शिकवतो म्हणणं ही निव्वळ फसवणूक, असं कुणीतरी लिहिलंय. मला ते अर्धंच पटतं. हात बसायला वर्षं लागतात, कबूल. पण घरी फोटोवरून रंगवताना जी चूक कधी लक्षातच आली नव्हती, ती अशाच एका कार्यशाळेत, रविवारी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर कळली. सकाळी बसले तेव्हा पायऱ्यांवर झाडाची लांबच लांब सावली होती. ११ वाजेपर्यंत ती आखडली आणि मी आपली चित्रातही सरकवत राहिले. शेवटी कागदावर जणू दोन सूर्यांच्या सावल्या! शिकवणारे सर म्हणाले, पहिल्या १० मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाकायच्या. मग ऊन कुठेही जावो, त्यांना हात लावायचा नाही.

आणि हो, कार्यशाळेच्या सामानाच्या यादीत नुसतं ‘ड्रॉइंग पेपर’ लिहिलं असेल तरी जलरंगासाठी ३०० जीएसएमचाच (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) न्या. माझा साधा कार्ट्रिज, म्हणजे नेहमीचा चित्रकलेचा कागद, आकाशाचा पहिला वॉश (पाणीदार रंगाचा हात) देताच पापडासारखा फुगला, निळा रंग खळग्यांत साचला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या पॅडमधलं एक पान फाडून दिलं म्हणून निभावलं.