पीएचपीमध्ये अ‍ॅरे() ऐवजी [] लिहिलं की जुन्या सर्व्हरवर पार्स एरर

प्रश्न: $गुण = [35, 42, 50]; ही अ‍ॅरेची (मूल्यांच्या यादीची) ओळ लॅपटॉपवर नीट चालते, सर्व्हरवर «अनपेक्षित [» म्हणून एरर येते. तिथे पीएचपी 5.3 आहे. आवृत्ती तपासणारं इफ घातलं, तरी तेच. दोन्ही रूपांच्या वेगात काही फरक पडतो का?

उत्तर 1: [] हे रूप पीएचपी 5.4 पासून, म्हणजे मार्च 2012 पासून आहे. इफचा उपयोग नाही, कारण एकही ओळ चालण्याआधी पूर्ण फाइल पार्स होते (तिची रचना वाचून तपासली जाते) आणि गाडी तिथेच अडते. नवं रूप वेगळ्या फाइलीत ठेवा आणि अट पाहून ती इन्क्लूड करा. खरं तर 5.3 सोडूनच द्या, त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं केव्हाच बंद झालंय. वेग दोन्हींचा सारखाच.

उत्तर 2: जुना कोड बदलताना सरसकट फाइंड-रिप्लेस कृपया करू नका. «अ‍ॅरे(» शोधलंत की इन_अ‍ॅरे( आणि इज_अ‍ॅरे( हेही सापडतात, आणि शेवटचा ) तसाच राहतो. पीएचपी-सीएस-फिक्सर या कोड सुधारणाऱ्या साधनातला अ‍ॅरे_सिंटॅक्स नियम हे काम नीट करतो.

उत्तर 3: घटकांना की (म्हणजे ओळखीची खूण) देताना जपा. ['5' => 'अ', 5 => 'ब'] यात एकच घटक उरतो, 'ब', कारण '5' चा पूर्णांक होतो. '05' मात्र स्ट्रिंगच राहते. आणि [$अ, $ब] = $जोडी; असं = च्या डावीकडे [] लिहायचं असेल तर पीएचपी 7.1 लागेल.