पक्षपात, झुकते माप आणि संगनमत

प्रश्न : एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) प्लेऑफमधील, म्हणजे बाद फेरीतील, पंचांच्या निर्णयांबद्दल लिहिताना कोणी ‘पूर्वाग्रह’ म्हणतो, कोणी ‘पक्षपात’, तर कोणी थेट ‘फिक्सिंग’. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत काय?

उत्तर : वापरू नयेत. ‘पूर्वाग्रह’ हे हिंदीतील रूप आहे. मराठीत ‘पूर्वग्रह’, म्हणजे आधीच करून घेतलेला ग्रह, आणि तो ज्याच्या मनात असतो त्याला बहुधा जाणवतही नाही. पक्षपात कृतीत दिसतो. संस्कृतात हा शब्द आवड किंवा ओढ या अर्थानेही येतो. आजच्या मराठीत मात्र त्याला हेतूचा वास असतोच, म्हणून तो जपून वापरावा.

२००२ मधील लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्या मालिकेतला सहावा सामना घ्या. मालिकेत किंग्ज ३-२ असे पुढे असताना लेकर्सना एकट्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मुक्त फेके) मिळाले, किंग्जना ९; लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या नाकावर बसले तरी त्याच्यावर फाउल दिला गेला नाही, आणि लेकर्स १०६-१०२ असे जिंकले. ग्राहकहक्कांचे अमेरिकी कार्यकर्ते राल्फ नेडर यांनी तर एनबीएचे तेव्हाचे कमिशनर (प्रमुख) डेव्हिड स्टर्न यांना पत्रच लिहिले. या सामन्याला मी ‘झुकते माप’ म्हणेन. हा शब्दप्रयोग बाजारातला आहे. तिथे ते दुकानदाराच्या उदारपणाचे लक्षण, पंचाच्या हातात तोच दोष. आकड्यांवरून माप झुकलेले दिसते, ते मुद्दाम झुकवले की नाही हे दिसत नाही. शिवाय लेकर्सच्या शकील ओनीलसारखा धिप्पाड खेळाडू बास्केटखाली उभा असला की फाउल वाढतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

‘फिक्सिंग’ म्हणजे संगनमत, आणि ‘संगनमत’ म्हणायचे तर निदान दोघे हवेत. टिम डोनाघी या एनबीएच्या पंचाने सामन्यांवर पैजा लावल्याचे २००७ मध्ये उघड झाले, त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी त्याच्या वकिलाने २००२ चा तो सहावा सामना पंचांनी वळवल्याचा आरोप केला; एनबीएने तो फेटाळला आणि तो सिद्धही झालेला नाही. म्हणून त्या सामन्यापुढे ‘फिक्सिंग’ लिहायचे असल्यास ‘आरोप’ हा शब्द सोबत हवाच.

(जाता जाता : एनबीएच्या मैदानावर पंच तीनच असतात. पाचांवरून आलेल्या शब्दाला मराठीने संख्येतून केव्हाच मोकळे केले आहे.)

पुरवणी : ‘शंका’ आणि ‘संशय’ यांतही असाच फरक करावा. शंका विचारता येते, तिचे निरसन होते. संशय घेतला जातो आणि तो फिटावा लागतो. २०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यात चुका मान्यही करते. त्याने शंका मिटतात. ज्याच्या मनात संशय आहे, त्याला मात्र कबूल केलेली प्रत्येक चूक नवा पुरावाच वाटते.