प्रति : उपग्रह असताना हेर कशाला?
उपग्रहांच्या युगात हेर कालबाह्य झाले, हे वरच्या प्रतिसादातील मत मला पटत नाही. छायाचित्रात हालचाल दिसते, हेतू दिसत नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्र-तळांची छायाचित्रे टिपली खरी. परंतु कापडाने झाकलेले ते लांबट आकार नेमके कोणत्या क्षेपणास्त्राचे, हे ठरवताना सोव्हिएत कर्नल ओलेग पेन्कोव्स्की यांनी गुपचूप पुरवलेल्या तांत्रिक पुस्तिका अमेरिकी विश्लेषकांच्या हाताशी होत्या. मराठवाड्यातल्या माणसाला तर हे वेगळे सांगायला नको : १२९६ मध्ये युवराज फौजेसह बाहेर असताना अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरायांना त्याची चाहूल फार उशिरा लागली. (धान्य समजून गडावर मिठाची पोती चढवल्याची कथा तर आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे.)