राजदूत, वकील की मुत्सद्दी? (केनेथ कीटिंग यांच्या निमित्तानं)

केनेथ कीटिंग यांच्यावर मराठीत एक छोटी नोंद लिहितोय. न्यूयॉर्क राज्यातले रिपब्लिकन. १९४७ ते १९५९ प्रतिनिधिगृहात, पुढे १९६५ पर्यंत सिनेटमध्ये. १९६४ ची निवडणूक रॉबर्ट केनेडींकडून हरले, मग न्यायाधीश झाले. १९६९ ते १९७२ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत आणि शेवटी इस्रायलमध्ये, त्या पदावर असतानाच १९७५ मध्ये वारले. पहिल्या ओळीत ‘अमेरिकन राजकारणी व मुत्सद्दी’ असं लिहिलंय. घरी वाचून दाखवलं तर म्हणाले, मुत्सद्दी म्हणजे नाना फडणवीस, हे कुठले मुत्सद्दी? ‘डिप्लोमॅट’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

—

घरच्यांचा आक्षेप रास्त आहे. मुत्सद्दी हा अरबीतून आलेला शब्द. मुळात कारकून, हिशेब पाहणारा. मोगलाईत सुरतेच्या बंदरावरच्या अधिकाऱ्याला मुत्सद्दी म्हणत. मराठीत आल्यावर शब्दाला बढती मिळत गेली आणि आता तो हुद्दा राहिलेला नाही, गुण झालाय. भावकीचा तंटा कोर्टात न जाता मिटवणारा काकासुद्धा मुत्सद्दीच. त्यामुळे नेमणूक सांगायची असेल तर सरळ ‘राजदूत’ लिहा.

मात्र दूतावासातल्या प्रत्येकाला राजदूत म्हणता येत नाही, तो एकच असतो. बाकीचे ‘राजनैतिक अधिकारी’. ‘राजनयिक’ हल्ली बरंच दिसतं, पण ते हिंदीतून आलंय आणि माझ्या तरी कानाला खटकतं.

—

दादा, जुना मराठी शब्द विसरलात: वकील! अफजलखानाकडे महाराजांचे वकील म्हणून पंताजी गोपीनाथ गेले होते. दिल्ली दरबारात पेशव्यांचे वकील हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे. मुंबईचे पेपर आजही ‘अमेरिकन वकिलातीबाहेर व्हिसासाठी रांगा’ असं छापतातच की. माणूस कोर्टात गेला, कचेरी मात्र परराष्ट्र खात्यातच राहिली.

गंमत म्हणजे कीटिंग दोन्ही अर्थांनी वकील. हार्वर्डमधून कायदा शिकून रॉचेस्टरमध्ये वकिली केली आणि उतारवयात पेशवाईतल्या अर्थानं वकील झाले.

—

ताई, हे आवडलं, पण नोंदीत ‘वकील’ लिहिलं तर आजचा वाचक काळा कोटच समजणार. वकिलात टिकली म्हणून वकील परत येत नाही.

मला मुत्सद्दीबद्दल वेगळंच म्हणायचंय. कीटिंग यांचं नाव आज ज्यामुळे निघतं ते काम मुत्सद्देगिरीच्या उलट होतं. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली. तिथले अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी वॉशिंग्टनला कळवलं, की हा निवडक वंशसंहार आहे. कीटिंग यांनी दिल्लीहून २९ मार्चला तार केली, विषय तोच: निवडक वंशसंहार. अत्याचारांत अमेरिकन शस्त्रं वापरली जात असतील या शक्यतेनं आपण हादरलो आहोत असं त्यात होतं. शिवाय, तत्त्वानं वागणं हेच या घडीला सर्वांत चांगलं राजकारण आहे, अशा अर्थाचं एक वाक्यही. निवडणुका लढवलेल्या माणसाच्या तोंडचं आहे, म्हणून जास्त लक्षात राहतं.

त्या वेळी अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्यामार्फत चीनशी गुप्त संधान बांधत होते. त्यांना हे नको होतं. जूनमध्ये निक्सन किसिंजरना म्हणाले, की तिकडे जाणारा प्रत्येक राजदूत भारताच्या आहारी जातो. हे ध्वनिफितीवर आहे. त्याच महिन्यात कीटिंग यांनी खुद्द अध्यक्षांच्या कचेरीत बसून वंशसंहार हा शब्द पुन्हा वापरला. डिसेंबरमध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटल्यावर व्हाइट हाउस पत्रकारांना जे सांगत होतं ते खोडून काढणारी तार त्यांनी पाठवली. ती पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागून छापली गेली.

ताईंच्या भाषेत सांगायचं तर वकिलानं अशिलाचीच बाजू खोडली. हे मुत्सद्द्याचं काम नव्हे. मुत्सद्दी गप्प बसला असता.

—

गप्प बसणं म्हणजे मुत्सद्देगिरी हे काही पटलं नाही. इथं उलट हिशेब आहे. ब्लड परराष्ट्र सेवेतले अधिकारी होते, त्यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली आणि पुढची बढत्यांची वाट अडली. कीटिंग राजकीय नेमणुकीवर आलेले, सत्तरी ओलांडलेले, माजी सिनेटर. त्यांच्या बढतीचा प्रश्नच नव्हता. १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं येताहेत असं जॉन केनेडी यांच्या सरकारला सिनेटमधून ठणकावणारे हेच. १९६४ मध्ये आपल्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांना पाठिंबा द्यायला नकार देणारेही हेच. स्वभाव पहिल्यापासून तसाच, दिल्लीत येऊन बदलला नाही इतकंच. आणि निक्सन यांनी नंतरही त्यांना इस्रायलला पाठवलंच.

म्हणून ‘राजकारणी व राजदूत’ एवढंच पुरे. फार तर ‘राजकीय नेमणुकीवरचे राजदूत’ म्हणा. अमेरिकेत साधारण तीनातला एक राजदूत असा असतो, त्यामुळे हा तपशील वाचकाला उपयोगी पडेल.

—

ठरलं, ‘राजकारणी व राजदूत’. न्यायाधीशपदाचं काय लिहू? ‘अपील न्यायालय’?

—

नुसतं तेवढं नको, दुय्यम वाटेल. न्यूयॉर्क राज्यात उलटा प्रकार आहे: ‘सुप्रीम कोर्ट’ खालचं आणि ‘कोर्ट ऑफ अपील्स’ सर्वांत वरचं. ‘न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे न्यायाधीश’ लिहा. आणि सिनेटचं ‘अधिसभा’ करू नका, विद्यापीठाची निवडणूक वाटेल.