पब्लिक ऑर्डर: साम्राज्याला लगाम की नुसती कटकट?

तटबंदी
स्पष्टच लिहितो. 'टोटल वॉर' या व्हिडिओ गेम मालिकेतली पब्लिक ऑर्डर, म्हणजे जिंकलेली रयत किती शांत आहे ते दाखवणारा आकडा, हा राज्यकारभार नव्हे, हमाली आहे. 'रोम: टोटल वॉर' (२००४) घ्या. शहर वाढलं की अस्वच्छता वाढते, राजधानी लांब असली की नाराजी वाढते. उपाय काय, तर शेतकऱ्यांच्या पलटणी भरती करून शहरात कोंबा. शिबंदीची नुसती डोकी मोजली जातात, त्यांना लढता येतं का हे कोणी विचारत नाही. तेही पुरेना झालं की सैन्य बाहेर काढायचं, बंड होऊ द्यायचं, शहर परत जिंकायचं आणि कत्तलीचं बटण दाबायचं. लोकसंख्या घटते, अस्वच्छता घटते, वर लुटीचा पैसा! आपल्याच रयतेची कत्तल सगळ्यात फायद्याची ठरत असेल तर डिझाइनच गंडलंय.

रसद
बटण तुम्ही दाबायचं आणि दोष गेमला? पब्लिक ऑर्डर काढून टाका आणि बघा: निम्मा नकाशा झटपट घशात, पुढे नुसतं क्लिक-क्लिक. 'रोम २' मध्ये प्रांतवार हिशेब आहे, उणे १०० ते अधिक १००. उणे शंभरला काटा टेकला की बंडखोरांची फौज उभी राहते. म्हणून नव्या प्रांतात सैन्य अडकून पडतं आणि तेवढ्यात दुसऱ्या सरहद्दीवर शत्रू येतो. ही ओढाताण हाच तर खरा खेळ.

तटबंदी
ओढाताण मान्य. पण तिथे अडकून मी करतो काय? फौज ठेवली की आकडा वर, मंदिर बांधलं की आकडा वर. आता खऱ्या इतिहासातलं, रोमन ब्रिटनमधलं कॅम्युलोड्युनम शहर बघा. निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत होती, सम्राट क्लॉडियसचं भव्य मंदिर होतं. गेमच्या हिशेबाने शहर एकदम शांत हवं. प्रत्यक्षात त्या सैनिकांनी तिथल्या ट्रिनोव्हान्टेस जमातीच्या लोकांना जमिनीवरून हुसकलं होतं आणि मंदिराचा खर्च स्थानिकांच्याच माथी होता. इ.स. ६०-६१ मध्ये बूडिका या ब्रिटिश राणीने रोमविरुद्ध उठाव केला तेव्हा पहिलं जळालं ते हेच शहर. उरलेसुरले लोक त्याच मंदिरात दोन दिवस तग धरून होते. फौज कोणाच्या जमिनीवर बसवली, मंदिराचे पैसे कोणी भरले, याला गेममध्ये रकानाच नाही.

अर्धाप्यादा
शर्यतीच्या मैदानाचंही तेच. गेममध्ये रथांच्या शर्यती लावल्या की जनता खूश. कॉन्स्टँटिनोपलमध्ये ५३२ साली शर्यतीच्या शौकिनांच्याच दोन गटांनी एकत्र येऊन निका दंगल पेटवली, सम्राट जस्टिनियनचं तख्त जाता जाता राहिलं.
माझं मत 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' या गेमला. प्रांत धुमसतोय? स्थानिक स्वायत्तता २५ टक्क्यांनी वाढवा, असंतोष १० ने उतरतो, पण तेवढा महसूल आणि सैन्यभरती सोडावी लागते. शांततेची किंमत रोख मोजायची. आणि ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे जिंकलेला पण अजून न पचलेला मुलूख, १०० टक्क्यांपुढे गेलं की संकटांची रांगच लागते. औरंगजेबाने १६८६ ला विजापूर घेतलं, १६८७ ला गोवळकोंडा. नकाशा फुगला, पकड सुटत गेली. अगदी तेच.

रसद
तेच? गेममध्ये प्रशासनाचे पॉइंट भरले, प्रांत 'कोअर', म्हणजे कायमचा आपला, झाला की विषय संपला. औरंगजेबाला पॉइंट कमी पडले नव्हते, जहागिरी कमी पडल्या होत्या! नव्या मनसबदारांना द्यायला उत्पन्नाची जमीनच उरली नाही. किल्ले पैसे मोजून घेतले, ते मराठ्यांनी परत घेतले. तिथे बिघडली होती ती बादशहाचीच माणसं, रयत नंतर. हे थोडंफार जमलंय 'क्रुसेडर किंग्ज ३' या गेमला. तिथे सरदार गट बांधून राजाकडे मागण्या घेऊन येतात, नाही म्हटलं की युद्ध.

नवखा
चर्चा भारी चाललीय, पण 'रोम २' मध्ये माझा नवा प्रांत सारखा बंड करतोय. काय करू?

तटबंदी
त्या प्रांताचा कर बंद करा, तशी सोय आहे. सेनापती तिथेच ठेवा. तरी बंड झालंच तर होऊ द्या. बंडखोरांना झोडपलं की सैन्याला अनुभव मिळतो.

रसद
म्हणजे बंड पिकवून कापायचं. आणि हेच महाशय वर डिझाइनच्या नावाने खडे फोडत होते. नवख्या, आधी अन्नसाठा बघ. तो उणे असेल तर कर माफ करून काही होणार नाही.