अनुभव धागा: 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणताना

राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाल्यापासून, आमच्याकडे सांगलीत दर शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. परवा गेथशेमाने बागेचा, येशूला धरून नेलं त्या रात्रीचा भाग वाचला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू तीच प्रार्थना तीनदा करतो. हा प्याला टळू दे, पण माझं नको, तुझंच होवो. कितीदा वाचलं असेल, पण या वेळी त्या 'तीनदा'पाशीच अडकलो. प्रत्यक्ष त्याचंही एकदा म्हणून भागलं नाही, आणि आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ते वाक्य एका दमात म्हणून रोजच्या भाकरीकडं वळतो. म्हणून हा धागा. आपली इच्छा देवाच्या हाती दिली असं खरोखर कधी झालं? काय सोडलं, काय सुटलं नाही? चर्चमध्ये साक्षीला उभं राहिल्यावर बोलतो तसं घोटीव नको, घडलं तसं लिहा.

*

मिरजेहून लिहितेय. मी नर्स होते, आता निवृत्त. डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं ते हे गाव, त्यामुळं सेवा हा शब्द लहानपणापासून कानावर.

कुवेतचा व्हिसा आला त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी थांबले. चर्चच्या मंडळीत सगळे म्हणाले, केवढा त्याग! मलाही तसंच वाटायचं. पण खरं सांगते, सहा वर्षं मी मनात हिशेब ठेवत होते. पेज भरवताना, कूस बदलताना, आज तिकडं असते तर किती दिनार साठले असते. देवापुढं गुडघे टेकायचे तेही वसुलीला आल्यासारखी.

एका दुपारी ड्युटीवरून आले आणि न जेवताच त्यांना भरवायला बसले. दोन चमच्यांनंतर त्यांनी तोंड मिटून घेतलं. मला रागच आला. तर त्यांनी डाव्या हातानं वाटी सरकवायला सुरुवात केली. हळूहळू, माझ्या मांडीला लागेपर्यंत. थोडी पेज चादरीवर सांडली. मग माझ्याकडं बघत राहिल्या. आधी तू जेव, म्हणत होत्या.

मी ती वाटी तिथंच बसून संपवली. हिशेब त्या दिवशी बंद झाला. कुवेत मी सहा वर्षांपूर्वीच सोडलं होतं. देवाच्या हाती काही दिलं ते त्या दुपारी.

*

सातारा. वडील चर्चचे पाळक होते. त्यांचे आदर्श ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो म्हणणारे टिळक १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून इथं साताऱ्यात राहिले, 'देवाचा दरबार' ही येशूभक्तांची संगत सुरू केली. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. हे सांगताना वडिलांचा आवाज भरून यायचा.

वडीलही हातात येईल ते वाटून टाकायचे. मला त्याचा अभिमान आहे. पण महिनाअखेरीला शेजारी वाटी घेऊन जायची ती आई. समर्पण त्यांचं, उसनवारी तिची. ती त्यांच्याएवढीच देवाला वाहिलेली होती, तिची साक्ष मात्र कुणी मागितली नाही. या धाग्यात ती मांडावी म्हणून लिहिलं.

*

नाव-गाव देत नाही, सांगली जिल्हा एवढंच. वरची पोस्ट वाचून धीर आला.

नवरा मारायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, बाई, आपला वधस्तंभ उचल, सोसणं हीच देवाची इच्छा. आठ वर्षं मी ते खरं मानलं. मग एकदा योहानाचं शुभवर्तमान वाचताना दिसलं, येशू म्हणतो, माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. माझं तर सगळं ओढून घेतलं जात होतं, मी दिलेलं त्यात काहीच नव्हतं. मुलीला घेऊन माहेरी आले.

द्यायची गोष्ट नंतर आली. त्याचं वाईट व्हावं ही इच्छा माझ्यात फार खोल होती, ती मी अजून रोज देवाकडं देते. काही दिवस परत मागूनही घेते.

*

सांगली, किराणा दुकान. ऑगस्ट २०१९, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर डाळी फुगून पोती उसवलेली, वर बोटभर गाळ. प्रार्थना सुचलीच नाही. खराटा घेतला. शेजारचा पानपट्टीवाला न बोलावता बादली घेऊन आला. एवढंच आठवतं.

*

मी आत्ता मिरजेत एका हॉस्पिटलच्या बाकावर बसून हे सगळं वाचतोय. पप्पांचं बायपास सकाळी आहे. मम्मी शेजारी बसल्या बसल्या झोपलीय, मांडीवर पवित्र शास्त्र उघडंच आहे. मघाशी तिनं माझा हात धरून प्रार्थना केली, 'तुझ्या इच्छेप्रमाणे' आलं तिथं मी आमेन म्हणालो नाही. मला पप्पा हवेत. धागा काढणाऱ्या दादांनी लिहिलंय ना, तीनदा. माझी अजून पहिलीच चाललीय, तीही अर्ध्यापर्यंतच. आमच्यासाठी प्रार्थना करा.