मदत हवी आहे: साडेचार वर्षं जुन्या फोनची बॅटरी बदलू की फोनच बदलू? (नाशिक)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

फोन ऑगस्ट २०२१ मध्ये घेतलेला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली त्यावरच हाणामारी होते आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. साधा पंधरा हजारांचा अँड्रॉइड, ५००० एमएएच क्षमतेची बॅटरी, १२८ जीबी. आतापर्यंत काहीच त्रास नव्हता, दोनदा ओट्यावरून पडला तरी काच शाबूत.

परवा सकाळी साडेसातला गंगापूर रोडच्या भाजीबाजारात मेथीच्या दोन जुड्या आणि गाजरं घेतली, साठ रुपये झाले, मावशींनी स्कॅनर पुढे केला, मी कॅमेरा उघडला आणि फोन गपकन बंद. २८ टक्के चार्ज दाखवत होता हो! परत सुरू केला तर कंपनीचा लोगो येतो आणि पुन्हा अंधार. मागे दोघीजणी खोळंबलेल्या, पर्समध्ये दहाची एकच नोट, थंडी अशी की बोटं वळत नव्हती. मावशी म्हणाल्या "राहू द्या ताई, उद्या द्या", पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन चार्जर लावला तर लगेच २६ टक्के. म्हणजे चार्ज होता ना? मग बंद का पडला?

बाकी लक्षणं म्हणाल तर सकाळी १०० टक्के घेऊन निघाले की दुपारी दोनपर्यंत ३० वर येतो, व्हिडिओ कॉल केला तर गरम होतो, आणि रात्रभर चार्जिंगला उशाशी असतो (माहितीये, चूक आहे, रागावू नका).

घरात तीन मतं. मिस्टर म्हणतात फेकून दे, ईएमआयवर नवीन घे. मुलगा म्हणतो मम्मी त्याला अपडेटच येत नाही, त्यावर एक रुपया घालू नकोस. निफाडचा भाऊ म्हणतो बॅटरी टाक, काय वेडी झालीस का. त्याचा फोन माझ्याहूनही जुना, बॅटरी बदलून घेतली आणि अजून त्याच्यावरून द्राक्षबागेतली मोटर चालू-बंद करतो.

सर्व्हिस सेंटरवाले मजुरीसकट २१०० म्हणाले, पार्ट मागवावा लागेल, दोन दिवस. एमजी रोडला एका दुकानात ८५०, "ओरिजिनल आहे ताई, अर्ध्या तासात देतो", तीन महिने वॉरंटी. वर म्हणे शंभर जास्त द्या, ६००० एमएएचवाली टाकतो. नवीन फोन मनासारखा घ्यायचा तर सतरा हजारांच्या आत काही दिसत नाही. शिवाय हल्ली फोनचं कव्हर नीट बसत नाही, उजवीकडे फट राहते, बहुतेक ढिलं झालंय, तेही नवीन घ्यावं लागणार.

काय करू? कोणी नाशिकमध्ये बॅटरी बदलून घेतली असेल तर अनुभव सांगा ना.

प्रतिसाद १
आधी डायलरवर *#*#4636#*#* टाकून बघा, काही फोनमध्ये बॅटरीची माहिती उघडते. हेल्थ गुड असेल तर बॅटरीला काही झालेलं नाही, एखादं अ‍ॅप खात असेल.

धागाकर्ती
बघितलं. गुड दिसतंय. आता तर अजूनच गोंधळले.

प्रतिसाद २
त्या गुडवर जाऊ नका. बॅटरी फार तापलीये का, व्होल्टेज जास्त झालंय का, पार मेलीये का, एवढंच ते सांगतं. क्षमता किती उरली त्याचा त्यात पत्ता नसतो.

२८ टक्क्यांवर बंद पडायचं कारण सांगतो. टाकीत पाणी आहे पण पाइपात गाळ साचलाय असं समजा. एक नळ सोडला तर पाणी येतं, दोन-तीन एकदम सोडले की धार तुटते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा आतला रोध वाढतो. व्हॉट्सअ‍ॅप वाचताना करंट कमी लागतो, चालून जातं, पण कॅमेरा, स्क्रीनचा फुल ब्राइटनेस आणि इंटरनेट एकदम सुरू झालं की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हा रोध अजून वाढतो, म्हणून तुमचा फोन घरात बंद न पडता बाजारात बंद पडला. चार्जर लावल्यावर टक्के दिसतात कारण पाणी टाकीत होतंच. दुपारपर्यंत ३० वर येतो म्हणताय, म्हणजे टाकीही लहान झालीये, तो भाग वेगळा.

सर्वसाधारण हिशोब म्हणजे मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी थकली. अ‍ॅपलनेसुद्धा आयफोन १४ पर्यंतच्या फोनना ५०० पूर्ण सायकलनंतर ८० टक्के असंच धरलंय, १५ पासून १००० सायकल. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, आज ६० आणि उद्या ४० मिळून एक. तुम्ही रोज जवळजवळ पूर्ण संपवताय, साडेचार वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा. बॅटरीने तिचं काम केलंय बिचारीने.

प्रतिसाद ३
६००० वाल्या दुकानात पाय ठेवू नका. फोनच्या आत बॅटरीची जागा ठरलेली असते, तेवढ्याच जागेत हजार एमएएच जास्त कुठून येणार? नुसता स्टिकर छापलेला असतो. बॅटरीवर बनवल्याची तारीख असते ती बघायला मागा, कारण जुन्या मॉडेलच्या "नवीन" बॅटऱ्या गोदामात तीन-तीन वर्षं पडलेल्या असतात आणि बॅटरी न वापरताही म्हातारी होते. हे सर्व्हिस सेंटरलाही विचारा, लाजू नका. आणि मागचं पॅनल गरम करून, गोंद सैल करून उघडतात, अर्ध्या तासाची घाई केली की पॅनल तडकतं.

प्रतिसाद ४
मुलगा बरोबर बोलतोय पण अर्धंच. सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची शेवटची तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं मला तरी पटत नाही. नवीन बॅटरीने फोन दिवसभर चालेल, पण अपडेट काही येणार नाहीत. मी असतो तर २१०० सतरा हजारांत घातले असते.

प्रतिसाद ५
अहो थांबा सगळे. कव्हरचं कोणी वाचलंच नाही का?? साडेचार वर्षं बसलेलं कव्हर एका बाजूने अचानक फट सोडत नाही. ताई, कव्हर काढा, फोन स्क्रीन वर करून काचेच्या टेबलावर ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. सपाट असेल तर घासत थांबेल. भोवऱ्यासारखा फिरला तर मागचं पॅनल फुगलंय. स्क्रीन आणि फ्रेमच्या मधूनही बघा. दाबून बघू नका.

धागाकर्ती
फिरतोय. दोन गिरक्या घेतल्या. उजव्या कडेला पॅनल उचललंय, नख जाईल एवढी फट आहे. आता भीती वाटतेय, काल रात्रीसुद्धा उशाशी होता.

प्रतिसाद ५
घाबरू नका पण आजपासून चार्जिंग बंद. बॅटरीच्या आतलं रसायन विघटित होऊन गॅस झालाय, तो तिच्या बंद पिशवीत (पाऊचमध्ये) अडकलाय, म्हणून ती फुगून पॅनल उचलतेय. आहे त्या चार्जवर फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या आणि फोन बंद करून टाका. गादी, कपडे, रद्दी यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा. फ्रिजमध्ये नको, उन्हात नको, टाचणी-सुईचे प्रयोग तर अजिबात नकोत, यूट्यूबवर काहीही दाखवतात. आणि काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो, तिथे पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, सर्व्हिस सेंटरलाच सोडा.

आणि वरच्या चर्चेबद्दल, आता "चालवून बघू" हा पर्याय संपला. नवीन फोन घेतलात तरी हा असाच कपाटात ठेवता येणार नाही, एक्सचेंजमध्येही फुगलेला फोन सहसा घेत नाहीत.

धागाकर्ती (चार दिवसांनी)
उशिरा लिहितेय, मिस्टरांच्या फोनवरून लॉगिन होत नव्हतं.

सर्व्हिस सेंटरलाच दिला. समोर उघडून दाखवायला सांगितलं, आधी नाही म्हणाले, मग फुगलीये म्हटल्यावर त्या मुलाने काचेपलीकडे उघडला. तव्यावर भाकरीचा पापुद्रा फुगतो ना, अगदी तशी बॅटरी. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवत होता, मी श्वास धरून उभी. नवीन बॅटरीवरची तारीख वाचून घेतली, सात महिन्यांपूर्वीची निघाली, चालेल म्हटलं. २१०० आणि पॅनलच्या गोंदाचे १५० वेगळे.

अपडेटची तारीख बघितली, सप्टेंबर २०२३. म्हणून प्रतिसाद ४ चंही निम्मं ऐकलं. पगाराच्या खात्याचं अ‍ॅप काढून टाकलं, यूपीआयला फक्त घरखर्चाचं छोटं खातं ठेवलंय, त्यात दोन-तीन हजारांच्या वर नसतात. वर्षभर असं काढेन आणि दिवाळीनंतर नवीन बघेन. मुलाचं तोंड वाकडं आहे, असू दे.

आज सकाळी सात वाजता त्याच थंडीत ३१ टक्क्यांवर कॅमेरा उघडला, फोन बंद पडला नाही. मावशींचे साठ रुपये दिले, त्या विसरल्याच होत्या, वर कोथिंबीर टाकली.

आता एकच विचारायचं राहिलंय. बॅटरी जास्त टिकावी म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबायची सेटिंग असते ना, ती माझ्या फोनमध्ये नाहीच. रात्री लावणं बंद केलंय, सकाळी डबे होईपर्यंत दुसऱ्या खोलीत लावते, तासाभरात ८५ च्या आसपास जातो, मग काढते. एवढं पुरे ना?